पडवीतले पावडर कोटिंग : मोटारीच्या सुट्या भागांचा एक अभ्यास

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आयटीआयचा मार्ग धरला आणि पुढे चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींतील वाहनउद्योगात ते स्थिरावले. त्यांतील काहींना आता नोकरीबरोबर स्वतःचे काही करावेसे वाटते. घरामागे पत्र्याची शेड आहे, एक कॉम्प्रेसर आहे, हाताला सवय आहे. तेव्हा दुचाकी-चारचाकीच्या सुट्या भागांना पावडर कोटिंग करून देण्याचे काम घरीच का करू नये, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. पालकांकडूनही तो येतो, आणि त्यांच्या प्रश्नात उमेदीबरोबर थोडी धास्तीही असते. उमेद आणि धास्ती या दोन्हींना आधार आहे, असे आमचे मत आहे. म्हणून या विषयाची मांडणी थोडी विस्ताराने करीत आहोत. या प्रक्रियेला शुद्ध मराठीत 'भुकटीलेपन' म्हणता येईल. परंतु कोणत्याही वर्कशॉपमध्ये तो शब्द कोणी ओळखणार नाही, यास्तव रूढ शब्दच ठेवला आहे.

नेहमीच्या ऑइलपेंटमध्ये रंगद्रव्य आणि राळ थिनरमध्ये विरघळवलेली किंवा कालवलेली असते. थिनर उडून जातो आणि रंग मागे राहतो. पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतोच. राळ, तिला घट्ट करणारे द्रव्य, रंगद्रव्य आणि प्रवाह सुधारणारी थोडी द्रव्ये एकत्र वितळवून, थंड करून, पुन्हा दळून त्यांची पूड केलेली असते. तिचा कण साधारण ३० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून लहान असतो. ही पूड कोरडीच भागावर बसवायची आणि मग भाग भट्टीत तापवायचा. पूड वितळते, पसरते आणि शेवटी तिच्या रेणूंची एकमेकांशी गाठ बसून कठीण कवच तयार होते. वसतिगृहातील जुन्या लोखंडी खाटा ज्यांना आठवत असतील, त्यांना दर दोन वर्षांनी हिरव्या रंगाचा नवा थर आणि त्याखाली फुगलेला गंज हेही आठवत असेल. आजच्या खाटांवर, सायकलींच्या सांगाड्यांवर, पंख्यांच्या जाळ्यांवर जो एकसारखा टणक थर दिसतो तो बहुधा पावडरचा असतो.

या तंत्राचा आरंभ १९५० च्या दशकात जर्मनीत झाला. एर्विन गेमर यांनी तापवलेला धातूचा भाग हवेने फुलवलेल्या प्लास्टिकच्या पुडीत बुडवण्याची पद्धत विकसित केली आणि १९५३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पद्धतीत थर जाड बसे. पुढे १९६० च्या दशकात स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने पूड फवारण्याची पद्धत आली आणि पातळ, सफाईदार थर शक्य झाला. घरी हे काम करण्याची चाल मात्र प्रामुख्याने अमेरिकेतील. तेथे घराला जोडून मोटारीची स्वतंत्र खोली असते, जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याचा छंद असतो आणि टाकून दिलेला स्वयंपाकाचा विजेचा मोठा ओव्हन सहज मिळतो. पेन्सिल्व्हेनियातील ईस्टवूडसारख्या कंपन्यांनी या छंदिष्टांसाठी लहान फवारणी-गन बाजारात आणली. आज तशाच गन आपल्याकडेही मागवता येतात. परंतु गनबरोबर ती खोली, ती हवा आणि ती वायरिंग येत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

गनचे कार्य समजून घेणे अवघड नाही. तिच्या तोंडाशी असलेल्या टोकदार तारेवर काही दहा हजार व्होल्टचा ऋण दाब असतो. कारखान्यातील गनमध्ये तो एक लाख व्होल्टपर्यंत जातो. तेथून निघणाऱ्या पुडीच्या कणांना ऋण भार मिळतो. टांगलेला भाग जमिनीशी जोडलेला असल्यामुळे कण त्याच्याकडे ओढले जातात, मागच्या बाजूलाही वळून बसतात आणि भट्टीत जाईपर्यंत चिकटून राहतात. सगळी भिस्त त्या जमिनीच्या जोडणीवर आहे. भाग ज्या हुकाला टांगला तो हुक मागील कामाच्या पावडरने झाकलेला असेल तर विद्युतभाराला वाट मिळत नाही. पूड उडत राहते, बसत नाही, आणि शिकाऊ मुलगा व्होल्टेज वाढवतो. वाढवायचे काहीच नसते. हुक कानशीने घासून उघडा करायचा असतो. भागापासून जमिनीपर्यंतचा रोध १ मेगाओहमपेक्षा कमी असावा, हा या धंद्यातील सर्वमान्य दंडक आहे. घरी अर्थिंग म्हणून नळाच्या पाइपला तार गुंडाळण्याची पद्धत दिसते. हल्ली तो पाइप बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा असतो!

दुसरी अडचण कोपऱ्यांची. खोलगट कोनात विद्युतक्षेत्र पोहोचत नाही, कण आधीच कडांवर बसतात. येथे व्होल्टेज कमी करून, हवेचा जोर कमी ठेवून, आधी खोलगट भाग आणि नंतर सपाट भाग फवारावा लागतो. जास्त थर म्हणजे जास्त टिकाऊपणा ही समजूतही येथे चालत नाही. साधारण ६० ते ८० मायक्रॉन पुरेसे होतात. त्याहून फार जाड बसवले की आधी बसलेल्या पुडीचा भारच नवीन कणांना परतवू लागतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो.

परंतु पावडर कोटिंगचे भवितव्य गन हातात घेण्यापूर्वीच ठरलेले असते. ज्या धातूवर बोटाचा तेलकट ठसा आहे त्यावर कोणतीही महागडी पूड टिकत नाही. मोटारीचा भाग म्हणजे वर्षानुवर्षांचे ग्रीस, ब्रेकची धूळ, जुना रंग आणि गंज. आधी ग्रीस काढायचे, मग गंज आणि जुना रंग, मग पुन्हा धुणे, सुकवणे, आणि त्यानंतर उघड्या हाताने न शिवणे. कारखान्यात यापुढे लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर चढवतात. तो पावडरला पकड देतो आणि कुठे ओरखडा पडलाच तर गंजाला थराखाली पसरू देत नाही. घरी हा टप्पा बहुधा गाळला जातो. घरचे काम आणि कारखान्याचे काम पहिल्या दिवशी सारखे दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात वेगळे दिसते, त्याचे कारण बहुतांशी हेच.

गंज काढण्यासाठी हवेच्या दाबाने वाळू मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि येथे आम्हाला थांबून बोलणे भाग आहे. नदीची वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. ती धातूवर आपटून फुटते तेव्हा डोळ्यांना न दिसणारी धूळ तयार होते. ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तेथे व्रण करते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर तो बरा करणारे औषध नाही, आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. ब्रिटनने ओतीव भाग साफ करताना सिलिकायुक्त वाळू मारण्यास १९४९ च्या नियमांनी मनाई केली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला नोंद करणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातले. घरामागच्या शेडमध्ये नोंद करणारे कोणी नसते. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. ज्याला हे काम करायचे आहे त्याने वाळूऐवजी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट वापरावे, तेही बंद पेटीत, हातमोजे जोडलेल्या झरोक्यातून. एवढी सोय नसेल तर हा एक टप्पा बाहेरून करून आणावा. त्यासाठी मोजलेले पैसे जास्त वाटले तरी आम्ही ते स्वस्तच समजतो.

रसायनांबाबतही असेच. जुना रंग सोडवणाऱ्या द्रावणांत मिथिलीन क्लोराइड असू शकते. कोंडलेल्या जागेत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत आणि अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना ते द्रावण विकण्यावर बंदी घातली. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रव्ये असतात. ती भागाच्या फटीत राहून तापली तर फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. डबा विकत घेण्यापूर्वी त्यावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी.

आता भट्टी. पावडरच्या डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात '२०० अंश सेल्सिअस, १० मिनिटे' किंवा '१८० अंश, १५ ते २० मिनिटे' असे काहीतरी लिहिलेले असते. हे तापमान धातूचे असते, ओव्हनमधील हवेचे नव्हे. आणि घड्याळ धातू त्या तापमानाला पोहोचल्यावर सुरू करायचे असते. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट काही मिनिटांत तापतो, जाड ओतीव भागाला अर्धा तास आणि त्याहून अधिकही लागू शकतो. दोन्ही एकाच वेळी एका ओव्हनमध्ये ठेवले तर एक जळतो आणि एक कच्चा राहतो. यातली खरी फसगत अशी की पूड शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपासच वितळून चकचकीत दिसू लागते. मेण वितळून थिजले तरी मेणच राहते. अंडे उकडले की पुन्हा पातळ होत नाही. वाहनासाठी वापरली जाणारी पावडर अंड्याच्या जातीची आहे, पण उकडण्यापूर्वी ती मेणासारखी दिसते. त्या चकाकीवर विसंबून भाग बाहेर काढला तर ग्राहकाला तो सुंदरच दिसतो. पहिल्यांदा पेट्रोल सांडले किंवा खडी उडाली की थर सुटतो. म्हणून भागाला टेकणारा तारेचा तापमापक वापरावा. दुरून रोखायचा इन्फ्रारेड मापक चकचकीत उघड्या धातूवर चुकीचे आकडे दाखवतो.

ज्या ओव्हनमध्ये पावडर भाजली त्यात पुन्हा कधीही अन्न शिजवू नये. ही सूचना कोणाला अनावश्यक वाटेल. परंतु घरात एकच ओटीजी असते, ती महिनोन्‌महिने वापरात नसते, आणि दिवाळीत नानकटाईची आठवण होते. तापताना निघणारी वाफ आतल्या भिंतींवर बसते. काही पॉलिएस्टर पावडरींमध्ये टीजीआयसी नावाचे घट्ट करणारे द्रव्य असते. ते पेशींतील जनुकद्रव्याला अपाय करणारे म्हणून युरोपात वर्गीकृत आहे. त्याऐवजी दुसरे द्रव्य वापरलेल्या, टीजीआयसी-मुक्त पावडरी बाजारात मिळतात. घरी काम करणाऱ्याने दुकानदाराकडे त्याच मागाव्यात. ओव्हन विजेचाच असावा. गॅसच्या ज्योतीजवळ उडती पूड नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. २,००० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतो, आणि घरातील साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. त्याच बोर्डावर कॉम्प्रेसरही लावला तर वायर भिंतीच्या आत तापते, जिथे कोणाचे लक्ष नसते.

पुडीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. थिनर नाही म्हणून स्फोटाचा धोका नाही, असे अनेकांना वाटते. पिठाच्या गिरण्यांत, साखर कारखान्यांत धुळीचे स्फोट झालेले आहेत. बारीक ज्वलनशील पूड पुरेशा प्रमाणात हवेत तरंगत असेल आणि ठिणगी मिळाली तर पावडरही तशीच पेटते. दर घनमीटर हवेत काही दहा ग्रॅम पूड त्याला पुरते. कारखान्यातील बूथमध्ये हवेचा ओढा असतो आणि प्रमाण त्या मर्यादेच्या बरेच खाली राखले जाते. घरी खोलीची दारे लावून, पंखा बंद करून, पूड वाया जाऊ नये म्हणून पडदे बांधून काम करतात तेव्हा नेमके उलटे घडते. कोपऱ्यात साठलेली पूड घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. त्याच्या मोटारीत ठिणग्या उडतात. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झाडू नयेत. धूळ अडवणारा प्रमाणित मास्क, डोळ्यांवर चष्मा, गन धरलेला हात तिच्या मुठीशी थेट टेकलेला आणि पायांत वीज न अडवणारी पादत्राणे, एवढे किमान हवे. छातीत पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने फवारणीच्या जवळ येऊ नये. घरात आजी-आजोबा असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

हवामानाचा विचार परदेशी पुस्तिकांत आपल्या दृष्टीने केलेला नसतो. पूड थंड, कोरड्या जागी, साधारण २५ ते ३० अंशांखाली ठेवावी असे उत्पादक सांगतात. मे महिन्यात विदर्भातील पत्र्याच्या शेडमध्ये डबा ठेवला तर महिन्याभरात आत खडे होतात. कोकणात पावसाळ्यात पूड ओलावा धरते आणि गनमधून गचके देत बाहेर पडते. कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर थरावर बारीक खड्डे उमटतात आणि त्याचा दोष निष्कारण पावडरला दिला जातो. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म छिद्रांत हवा आणि तेल अडकलेले असते. असा भाग लेपनापूर्वी एकदा लेपनाच्या तापमानाहून थोडा जास्त तापवून घ्यावा, म्हणजे बुडबुडे आधीच निघून जातात.

मग घरी कोणते भाग करावेत? बॅटरीचा ट्रे, लोखंडी ब्रॅकेट, नंबरप्लेटची चौकट, सामानाचा कॅरिअर, साइड स्टँड, इंजिनावरचे टॅपेट कव्हर. शिकण्यासाठी हे उत्तम. बूश, सील आणि रबर सगळे आधी काढायचे. आटे, बेअरिंगच्या जागा आणि अर्थच्या तारेची जागा सिलिकॉनच्या बुचांनी व उष्णता सोसणाऱ्या पॉलिएस्टर टेपने झाकायच्या. कागदी टेप भट्टीत करपतो.

कोणते करू नयेत, हा प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्यावर आम्ही कोणाच्या आग्रहाला बळी पडत नाही. मोटारसायकलची पेट्रोलची टाकी प्रत्येकाला रंगवून हवी असते. रिकाम्या टाकीतही वाफ असते, आणि वाफेची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते; ती घरच्या ओव्हनमध्ये कधीही जाऊ नये. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल आणि दाबाखालचा वायू बंद असतो; तापवला तर तो फुटू शकतो. ब्रेकचे कॅलिपर वरवर सोपे दिसतात, पण पिस्टनच्या खोबणीत गेलेला थोडासा थर किंवा आत राहिलेले एखादे सील ब्रेकला पुरेसे बाधक ठरते. सस्पेन्शनच्या आर्मवर नवा टणक थर चढला की खालची केसाएवढी चीर दिसेनाशी होते. स्प्रिंग आणि उच्च ताणाचे बोल्ट गंज काढण्यासाठी आम्लात बुडवले तर पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते पूर्वसूचना न देता तुटू शकतात.

अ‍ॅलॉय चाकांचा मोह सर्वांत मोठा, कारण पैसा त्यातच दिसतो. चाकाचे ओतीव अ‍ॅल्युमिनियम सुमारे ५४० अंशांना तापवून पाण्यात विझवतात आणि नंतर साधारण दीडशे ते पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात. या दुसऱ्या पायरीत धातूच्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि चाकाची ताकद त्यांवर उभी असते. पुढे तेच चाक दोनशे अंशांवर किंवा त्याहून वर जास्त वेळ राहिले तर ते कण फुगतात, विरळ होतात आणि चाक मऊ पडू लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. कारखान्यातही चाकांना पावडर कोटिंग करतात, परंतु तेथे तापमान आणि वेळ यांचा हिशेब धातूच्या संस्कारासकट मांडलेला असतो. घरच्या ओव्हनचा काटा वीस-तीस अंशांनी चुकणे सामान्य आहे, आणि 'रंग नीट बसला नाही, पुन्हा एकदा टाक' हेही सामान्य आहे. त्या चाकावर एक कुटुंब महामार्गावरून जाणार असते. आमचे मत स्पष्ट आहे : चाके घरी घेऊ नयेत, ग्राहक परत गेला तरी चालेल.

काम पूर्ण झाल्यावर तपासणी करावी. ग्राहकाच्या भागावर ती करता येत नाही, म्हणून त्याच धातूची एक पट्टी तयार करून, तशीच साफ करून, त्याच वेळी भट्टीत ठेवावी. थंड झाल्यावर धारदार पात्याने तिच्यावर धातूपर्यंत पोहोचणाऱ्या आडव्या आणि उभ्या रेषा कापाव्यात. थर ६० मायक्रॉनपर्यंत असेल तर रेषांमधील अंतर १ मिलिमीटर, त्याहून जाड असेल तर २ मिलिमीटर. वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन निघून आले तर साफसफाईत कसूर झाली आहे. दुसऱ्या टोकावर एमईके या द्रावणात भिजवलेला बोळा जोर देऊन वारंवार घासावा. रंग मऊ पडून बोळ्यावर उतरला तर भाजणी कच्ची आहे. पट्टीवर तारीख, पावडरचा प्रकार, धातूचे तापमान आणि मिनिटे लिहून ती खिळ्याला अडकवून ठेवावी. वर्षभराने एखादा ग्राहक तक्रार घेऊन आला तर ही पट्टी स्मरणशक्तीपेक्षा उपयोगी पडते.

भाग गाडीवर परत बसवताना बोल्टच्या डोक्याखाली आणि वॉशरखाली थर राहू देऊ नये. दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि आवळलेला बोल्ट न फिरताही ढिला पडतो. त्या जागा फवारणीपूर्वीच झाकलेल्या असाव्यात. ग्राहकाला भाग देताना शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर ते बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घेण्यास सांगावे, आणि हे पावतीवरही लिहून द्यावे.